लाल गाडीच्या टाकीतलं पेट्रोल

१

हार्लन स्कॉग स्वतःच्या शेडमध्ये पालथा पडला होता आणि त्याच्या डोक्याची मागची बाजू शिल्लक नव्हती. रविवारी अकरा वाजता चर्चमधून परतलेल्या मार्लिसने, त्याच्या बायकोने, आधी हाक मारली, मग बूट पाहिले, मग बाकीचं पाहिलं. शेरीफ वेंडेल ऑसने सात घाव मोजले आणि पुढचे मोजायचं सोडून दिलं. रक्त भिंतीवर होतं, छपराच्या तुळईवर होतं, कोपऱ्यातल्या बर्फ काढायच्या फावड्यावरसुद्धा होतं. मारणाऱ्याने राग पुरता काढला होता.

प्रेताशेजारी टायर काढायची पहार पडली होती. तिच्या दांड्यावर पांढऱ्या रंगात दोन अक्षरं होती, पंपवाल्या टोइवो लाहटीच्या नावाची. आता शेरीफला आणखी काय हवं?

कारण आदल्याच दिवशी, शनिवारी सकाळी, बर्च नॅरोजच्या चाळीस माणसांनी टोइवोच्या तोंडून ऐकलं होतं की तो हार्लनला जिवंत ठेवणार नाही. ही चाळीस माणसं म्हणजे जुन्या मोटरसायकलींचा क्लब आणि हार्लन त्याचा अध्यक्ष. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी क्लबच्या हॉलमध्ये शेवटचा नाश्ता असतो. त्यानंतर हिमवर्षाव सुरू व्हायच्या आत सगळ्या गाड्या निजवायच्या, त्या एप्रिलपर्यंत. निजवायच्या म्हणजे टाकी काठोकाठ भरायची, आणि तीही इथेनॉल नसलेल्या निखळ पेट्रोलने. मक्याच्या दारूचं पेट्रोल सहा महिने टाकीत राहिलं तर हवेतलं पाणी ओढून घेतं, तळाशी गंज धरतो, रबर फुगतं, आणि वसंतात मालक गाडीपाशी बसून कपाळ बडवतो. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात निखळ पेट्रोलचा पंप एकच, टोइवोचा. दुसरा सत्तर मैलांवर.

नाश्त्याचा एक रिवाज होता. टोइवोच्या पंपावरून पाच गॅलनचा डबा भरून आणायचा आणि अध्यक्षाने काचेच्या नळीत सर्वांसमोर त्याची परीक्षा घ्यायची. नळीत दहाव्या रेघेपर्यंत पाणी, वर पेट्रोल, मग गदागदा हलवायचं. पेट्रोल निखळ असेल तर पाणी खाली बसून पुन्हा दहाव्या रेघेवर येतं. इथेनॉल असेल तर ते पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेघ वर चढते. दरवर्षी रेघ जागेवर राहायची, लोक टाळ्या वाजवायचे आणि पॅनकेकवर तुटून पडायचे.

यंदा हार्लन रंगात होता. परीक्षेआधीच त्याने डब्यातलं पेट्रोल दाराशी उभ्या आपल्या एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या लाल मोटरसायकलीत काठोकाठ ओतलं, उरलेल्यातलं नळीत घेतलं, हलवलं आणि रेघ अठरावर गेली. हॉलमध्ये कोणी घास गिळेना. हार्लनने टोइवोची कॉलर धरली, चोर म्हणाला, आणि त्याचं नाक डोक्याच्या एका धडकेत फोडलं. पाठोपाठ जाहीर केलं की सोमवारी सरकारी माणूस बोलावतो, तोवर माझ्या टाकीला कोणी बोट लावायचं नाही, हाच पुरावा आहे. टोइवो शर्टावर रक्त सांडत उभा राहिला आणि मरायमारायच्या गोष्टी बोलला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी दुपारी हार्लनच्या मरणाची बातमी पसरली, तेव्हा वेंडेल प्रेतापाशी पंचनामा करत होता. पंपाकडे त्याच्याआधी पंधरा मोटरसायकली पोचल्या.

२

टोइवोची मोठी बहीण सिल्वी लाहटी हिने तीस वर्षं सरकारी इंधन निरीक्षक म्हणून काढली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण कोणी गाडीत पेट्रोल भरताना दिसलं की तिचा हात अजून खिशातल्या नळीकडे जायचा. तिला भाऊ सापडला तो जिल्ह्याच्या इस्पितळात, दाराशी पोलीस बसवलेल्या खोलीत. चार फासळ्या मोडल्या होत्या, एक डोळा बंद होता, आणि जबडा दोन जागी तुटला म्हणून डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले होते. सहा आठवडे त्याला बोलता येणार नव्हतं. न्यायालयात मात्र त्याला बुधवारी उभं करायचं होतं.

तिला पाहून त्याने खुणेने कागद मागितला. त्यावर लिहिलं, 'मी नाही.' मग जोर देऊन, पेन्सिल मोडेपर्यंत, 'पेट्रोल चांगलं आहे.'

सिल्वीला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. खुनाचा आरोप डोक्यावर असताना या वेड्याला पेट्रोलच्या अब्रूची पडली होती. पण तिला हेही कळलं की तो खरं लिहितो आहे, कारण खोटारडा माणूस पहिल्या वाक्यावर थांबला असता. खून झाला त्या वेळी तो एकटा तळ्यात मासे पकडत होता, म्हणजे साक्षीदार मासेच. त्याची पहार गॅरेजच्या दाराशी बारा महिने टेकलेली असायची. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही ती उचलता आली असती.

ती सरळ पंपावर गेली. काचा फुटलेल्या होत्या, जमिनीवर टोइवोचा एक दात पडलेला होता. तिने तो रुमालात गुंडाळला आणि पंपातून पेट्रोल घेतलं. पाण्याची रेघ दहावर. जमिनीखालच्या टाकीतून नमुना काढला. दहावर. पाच वेळा हलवलं, पाचही वेळा दहावर.

म्हणजे पंपावरून निखळ निघालेलं पेट्रोल हॉलपर्यंतच्या दोन मैलांत भेसळीचं झालं होतं. डबा कोणी आणला हे तिने वेंडेलला विचारलं. दोघं एका शाळेतले, त्यामुळे त्याने खांदे उडवत का होईना, उत्तर दिलं. डबा पंपावरून क्लबचा मेकॅनिक लोरेन वेस्बीने आणला. तो तासभर हॉलच्या मागच्या व्हरांड्यात पडून होता, तिथे हार्लनचा भाऊ क्लाइड येऊन गेला, आणि हार्लनची बायको मार्लिस तिथेच पॅनकेकचं पीठ घोटत होती.

"तिघांपैकी कोणी पेट्रोलात खोडी केली असेलही," वेंडेल म्हणाला. "पण डोकं पेट्रोलाने नाही फुटलं, सिल्वी. तुझ्या भावाच्या पहारीने फुटलं."

३

क्लाइड स्कॉगकडे सहाशे एकर मका होता आणि इथेनॉलच्या कारखान्यात वाटा होता. सिल्वी गेली तेव्हा तो कोठाराबाहेर उभा होता आणि त्याच्या कपड्यांवर छातीपासून गुडघ्यापर्यंत रक्त होतं. तिचा पाय जागीच थबकला. डुकराचं आहे, आत ये आणि बघ, असं तो म्हणाला. आत खरंच डुक्कर टांगलेलं होतं, पण ते आज मारलेलं, रविवारी नव्हे.

भावाबद्दल विचारल्यावर क्लाइडने सुरी पुसली आणि सगळं तोंडावर सांगितलं. हार्लन त्याला चारचौघांत 'कणसाचा दारूवाला' म्हणायचा. बापाच्या जमिनीवरून दोघांनी एकमेकांना दोनदा रक्त निघेपर्यंत मारलं होतं. "मी त्याला मारलं असतं," क्लाइड म्हणाला, "तर मुठीने मारलं असतं, आणि तोंडासमोर. मागून मारायला भाऊ कशाला लागतो?" गाडीचं विचारल्यावर तो म्हणाला, तिच्या टाकीत मका राहो नाहीतर मुळ्याचा रस राहो, त्याला फरक पडत नाही. त्याची स्वतःची मोटरसायकल वीस वर्षं मक्यावरच पळत होती.

मार्लिस स्वयंपाकघरात हात मांडीवर टाकून बसली होती. नवऱ्याने तिलाही मारलं होतं, पण ते तिने सांगितलं नाही, तिच्या मनगटाने सांगितलं. लाल गाडीचं नाव काढताच ती एकदम बोलू लागली. त्या गाडीपायी हार्लनने सगळ्यांना नाचवलं होतं. लोरेनने नऊ हिवाळे खपून तिचा सांगाड्यापासून जीर्णोद्धार केला, टाकीला आतून लेपसुद्धा स्वतःच्या हाताने दिला, आणि हार्लनने त्याला शब्द दिला होता की माझ्यानंतर गाडी तुझी. आणि आता याच आठवड्यात शहरातला एक हॉटेलवाला ती घेऊन जाणार होता, जेवणघराच्या भिंतीवर टांगायला. इंजिन काढून टाकणार होता, वजन कमी व्हावं म्हणून.

"मला ती नको," मार्लिस म्हणाली. "लोरेनला मी मागेच सांगितलंय, हा मेला तर तू घेऊन जा. नाहीतर मी जाळून टाकीन."

लोरेन वेस्बी आपल्या गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर धूत होता. साठीचा, हडकुळा, मृदू बोलणारा माणूस. त्याचं लग्न झालं नव्हतं. पण बहिणीच्या लग्नाच्या जेवणातून उठून पाहुण्याच्या गाडीतलं मक्याचं पेट्रोल त्याने नळी लावून तोंडाने ओढून काढलं होतं, ही गोष्ट गावात पोरांना झोपवताना सांगत. टोइवोला मारायला तो गेला नव्हता. टोइवोबद्दल वाईट वाटतं म्हणाला, आणि डोळेही पुसले. रविवारी सकाळी इथेच होतो, एकटा. डबा पंपावरून जसा भरला तसा आणला.

जाता जाता सिल्वीने विचारलं, की लाल गाडी आता खटल्यापर्यंत शेडला सील लावून ठेवणार आहेत, कदाचित वसंतापर्यंत. टाकीत शनिवारचं भेसळीचं पेट्रोल तसंच आहे. काही करायला हवं का?

"आता काय करणार," लोरेन शांतपणे म्हणाला. "माणूस गेला, तिथे गाडीचं काय घेऊन बसायचं. राहू दे."

सिल्वी आपल्या मोटारीत येऊन बसली आणि तिने किल्ली फिरवली नाही. बहिणीच्या लग्नातून उठलेला माणूस 'राहू दे' म्हणाला होता.

४

वेंडेलला शेड उघडायला लावायला तिला अर्धा दिवस लागला. खुनात पेट्रोल कोण तपासतं, असं तो म्हणत होता. शेवटी शाळेतल्या एका जुन्या उपकाराची आठवण काढली तेव्हा त्याने सील तोडलं.

गाडीवर चादर होती. टाकी काठोकाठ भरलेली होती. सिल्वीने नळीत पाणी घेतलं, टाकीतलं पेट्रोल घेतलं, हलवलं, आणि दोघं नळीकडे बघत राहिले.

रेघ दहावर.

"म्हणजे?" वेंडेलने विचारलं.

म्हणजे चाळीस लोकांसमोर भेसळीच्या पेट्रोलने भरलेली टाकी कोणीतरी रिकामी केली होती आणि निखळ पेट्रोलने पुन्हा भरली होती. वेंडेलला हे समजायला थोडा वेळ लागला, पण समजलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"अगं, हे तर सरळ आहे," तो म्हणाला. "हार्लन सरकारी माणूस बोलावणार होता. पुरावा टाकीत. टोइवो आला, हार्लनला मारलं, पुरावा काढून घेतला, आपल्या पंपावरचं चांगलं पेट्रोल भरून गेला. माझ्याकडे हेतू कमी होता, तो तूच आणून दिलास."

न्यायालय उद्यावर होतं. भावाला वाचवायला गेलेल्या बहिणीने त्याच्या गळ्यात दोर अडकवला होता. सिल्वी खाली रक्ताच्या काळ्या डागाशेजारी बसली. बसल्यावर तिची नजर गाडीच्या धुराड्याकडे गेली. त्यात तेलात भिजवलेली चिंधी घट्ट कोंबलेली होती.

ती उठली. कार्ब्युरेटरची वाटी उघडली, ती कोरडी, पुसलेली. स्पार्क प्लग हाताने फिरवून काढला, त्याच्या टोकाला ताजं तेल. चेनला ग्रीस. दोन्ही चाकं फळ्यांवर उचललेली, टायर जमिनीला टेकू नयेत म्हणून.

"वेंडेल," ती म्हणाली, "पुरावा नष्ट करायला आलेला माणूस उंदीर शिरू नयेत म्हणून धुराड्यात चिंधी कोंबतो का?"

५

तिने त्याला एकेक करून सांगितलं आणि तो मध्ये बोलला नाही.

हे काम हार्लनने केलं नाही. टाकीला बोट लावायचं नाही, हे त्यानेच बजावलं होतं, आणि गाडी निजवायचं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं, ते दरवर्षी लोरेन करायचा. क्लाइडला टाकीत काय आहे याची पर्वा नव्हती. मार्लिस गाडी जाळायला निघाली होती. राहिला टोइवो. त्याला टाकी बदलायची असती तर त्याने तेवढंच केलं असतं आणि पळाला असता. प्रेत पायाशी पडलेलं असताना तासभर बसून चेनला ग्रीस लावायला त्या गाडीवर जीव असावा लागतो.

आणि मुख्य गोष्ट वेगळीच होती. शनिवारपासून सगळा गाव टोइवोचं पेट्रोल भेसळीचं मानत होता. खुनी प्रामाणिकपणे तसं मानणारा असता, तर गाडी वाचवायला त्याने ते भरलं नसतं, आणि दुसरा पंप सत्तर मैलांवर. ज्याने हे भरलं त्याला ठाऊक होतं की पंप स्वच्छ आहे आणि भेसळ फक्त त्या एका डब्यात होती. हे टोइवोखेरीज एकालाच ठाऊक असणार, डब्यात भेसळ करणाऱ्याला.

"दोघांचं भांडण लागावं आणि खुनाचा आळ टोइवोवर यावा म्हणून लोरेनने डब्यात मक्याची दारू ओतली आणि पंपावरून येताना पहारही उचलली. हार्लन आधी नळीत घेईल आणि मग गाडीत ओतेल असं त्याला वाटलं होतं," सिल्वी म्हणाली. "दरवर्षी तसंच होतं. यंदा हार्लनने आधी गाडीत ओतलं. टाकीच्या आतला लेप लोरेनच्या हातचा आहे आणि इथेनॉलने तो आठवड्यात सुटतो. त्याला राहवलं नाही."

वेंडेलने डोकं खाजवलं. तर्क पटला, पण न्यायाधीशासमोर चिंधी उभी करता येत नाही, असं तो म्हणाला. मग दोघांनी ठरवलं ते केलं. सिल्वीने लोरेनला फोन केला, की शेरीफ गाडीची टाकी कापून पुराव्यासाठी प्रयोगशाळेत पाठवतोय, करवत घेऊन माणूस निघालाय. वेंडेल शेडमधल्या लाकडाच्या ढिगामागे लपला.

लोरेन अकरा मिनिटांत आला. हातात मोठा पाना होता.

"कापायची गरज नाही," तो दारातूनच म्हणाला. "त्यात काही नाहीये. चांगलं पेट्रोल आहे."

"तुला कसं माहीत?"

 त्याने आपल्यामागे दार लोटून घेतलं. पुढच्या क्षणी पाना सिल्वीच्या हातावर बसला, हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला आणि कळ नंतर आली. ती किंचाळत मागे सरकली. तिची पाठ लाल टाकीला टेकली. लोरेनने पाना पुन्हा डोक्यावर उचलला, आणि तो तसाच वर धरून उभा राहिला. घाव चुकला असता तर टाकीवर बसला असता. तो एक पाऊल डावीकडे सरला, मग उजवीकडे, मोकळी जागा शोधत, आणि सिल्वी गाडीला चिकटून त्याच्याबरोबर सरकत राहिली. तेवढ्यात वेंडेल लाकडं तुडवत त्याच्या अंगावर पडला आणि त्याचं तोंड जमिनीवर आपटून आपटून त्याने पाना सोडवला.

"नऊ वर्षं, सिल्वी," बेड्या पडल्यावर लोरेन रक्त थुंकत म्हणाला. "आणि तो तिचं काळीज काढून तिला भिंतीवर टांगणार होता. त्या गाडीने कोणाचं काय वाईट केलं होतं?"

"आणि टोइवोने?"

लोरेनने आठवायचा प्रयत्न केला असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. 

६

टोइवो सुटला आणि दहाव्या दिवशी घरी आला. बर्च नॅरोजमध्ये माणसं 'चुकलं' असं म्हणत नाहीत, झाकलेलं भांडं दाराशी ठेवून जातात. त्या आठवड्यात पायरीवर अकरा भांडी जमली, भाजलेल्या बटाट्या-खिम्याची, वर चीज घातलेली. टोइवोचे दात तारेने बांधलेले होते. तो नळीने सूप ओढत होता आणि भांड्यांकडे बघत होता. सिल्वीने ती सगळी कुत्र्याला घातली.

मग हवामानखात्याने हिमवर्षावाचा इशारा दिला आणि शनिवारी सकाळी पंपासमोर रांग लागली. हातात रिकामे डबे, नजरा बुटांवर. चाळीस गाड्या निजवायच्या होत्या आणि निखळ पेट्रोल दुसरीकडे नव्हतं. टोइवो दाराशी खुर्चीवर कांबळं पांघरून बसला होता. सिल्वी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून पंपासमोर उभी राहिली. कुलपाची किल्ली तिच्या दुसऱ्या हातात होती.

"पेट्रोल सगळ्यांना मिळेल," ती म्हणाली. "आधी त्याच्यासमोर उभं राहायचं आणि सांगायचं, आपण कुठे मारलं ते. आपापलं. दुसऱ्याचं नाही."

 चौघं डबे घेऊन निघून गेले. मग पहिला पुढे आला, म्हणाला, बरगडीत, दोन लाथा. सिल्वीने कुलूप काढलं आणि त्याचा डबा भरला. दुसरा म्हणाला, पाठीत. तिसऱ्याने नुसतं धरून ठेवलं होतं, ते सांगताना तो रडू लागला, आणि त्याचाही डबा भरला. ज्यांनी काहीच केलं नव्हतं तेही रांगेत होते. त्यांनी सांगितलं, मी उभा राहून पाहिलं. टोइवो प्रत्येकाकडे एका डोळ्याने बघत होता, दुसरा अजून पुरता उघडत नव्हता.

रांग संपली तेव्हा रस्त्यापलीकडून क्लाइड स्कॉग आला. त्याच्या हातात डबा नव्हता. त्याची सगळी यंत्रं मक्यावर चालायची, त्याला या पंपाचं काही अडलेलं नव्हतं. सिल्वीने विचारलं, तुला कशाला हवंय?

"मला पेट्रोल नको," क्लाइड म्हणाला. तो टोइवोसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. "जबडा मी फोडला. भाऊ होता माझा. मला वाटलं, तूच."

टोइवोला बोलता येत नव्हतं.  त्याने पायाने शेजारची रिकामी खुर्ची क्लाइडकडे सरकवली.